‘बोगनवेल’ : एका नावाची व्युत्पत्ती

कुंपणावरील ‘बोगनवेली’स ‘बूगनव्हिलिया’ असेच म्हटले पाहिजे, ‘बोगनवेल’ हा अडाणी अपभ्रंश होय, असे मत सुशिक्षितांच्या तोंडून पुष्कळदा ऐकू येते. ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. लुई आंत्वान द बूगँव्हिल (1729–1811) या फ्रेंच नाविकाच्या पृथ्वीप्रदक्षिणेत (1766–69) सहभागी असलेल्या कोमेर्सों या वनस्पतिज्ञास ती ब्राझीलमध्ये आढळली. त्याने तिला आपल्या प्रवासप्रमुखाचे नाव दिले, आणि 1789 मध्ये जुसिय याच्या ग्रंथात ते छापले गेले. या आडनावातील ‘व्हिल’ हे फ्रेंच ग्रामनामांत सर्रास आढळणारे अंत्यपद असून त्याचे मूळ लॅटिन ‘व्हिला’, म्हणजे शेतीवाडीसह असलेले घर, हे होय.

याउलट मराठी ‘वेल’ संस्कृत ‘वल्ली’पासून आला आहे. हेमचंद्राने प्राकृतात ‘वल्ली’बरोबर ‘वेल्ली’ हेही रूप नोंदविले आहे. मराठी एकार तेथूनच आला. तेव्हा ‘व्हिल’ आणि ‘वेल’ यांचा वंशसंबंध काहीही नाही. मग इकाराचा एकार झाला कसा? केवळ उच्चारसौकर्याने झाला म्हणावे, तर ‘व्हिला’ हाच शब्द बंगल्याच्या अर्थाने मराठीत आला तेव्हा त्याचा ‘वेला’ झाला नाही. येथे ध्वनिनियम नव्हे, अर्थ कार्य करीत आहे. ऐकणाऱ्यास समोर वेल दिसली आणि नावातही ‘वेल’च ऐकू आली. लोकव्युत्पत्तीचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते. (एखाद्या ‘व्हिला’च्या फाटकावर बोगनवेल चढलेली असते, तेव्हा एकच लॅटिन शब्द तेथे दोन वेषांत उभा असतो, ही गंमत वेगळीच.)

ही प्रवृत्ती एकट्या मराठीची नव्हे. हिंदीत ‘बेगमबेलिया’ असे रूप ऐकावयास मिळते. बंगालीने तर ‘बागानबिलास’, म्हणजे उद्यानाचा विलास, असे सबंध नावच सार्थ करून घेतले. मराठीत मात्र ‘बोगन’ हे पूर्वपद निरर्थकच राहिले. नागवेल, अमरवेल यांच्या पंक्तीस बसण्यास उत्तरपद तेवढे पुरले. ‘बोगनवेली’, ‘बोगनवेलीचा’ अशी रूपे विनासायास चालू लागली, ती यामुळेच.

वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतील, ही खरी वेल नव्हे. तिला तणावे नसतात, ती काट्यांच्या आधाराने वर सरकते. पण मग ज्यांना आपण तिची फुले म्हणतो तीही फुले नव्हेत, रंगीत छदे आहेत. शब्दकोशात ‘बोगनवेल’ हीच मुख्य नोंद असावी. ‘बूगनव्हिलिया’ व्युत्पत्तीच्या कंसात शोभेल.