धुराची बिअर

तर मंडळी, बिअर बनवायची तर आधी बार्ली भिजवून मोड आणावे लागतात, अगदी आपल्या मटकीसारखे. मग ती वाळवायची. युरोपातल्या थंडीत ऊन कुठलं पुरायला? म्हणून खाली लाकडं पेटवायचे आणि धूर सरळ धान्यात शिरायचा. म्हणजे एके काळी बऱ्याच बिअरला धुराचा वास असायचाच. खास चव वगैरे काही नाही हो, नाइलाज!

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोक वापरायला लागले, पुढे गरम हवेच्या भट्ट्या आल्या. धूर बाजूला, धान्य बाजूला. स्वच्छ आणि स्वस्त. सगळे तिकडे गेले. आम्ही सॉफ्टवेअरवाले ह्याला मायग्रेशन म्हणतो.

जर्मनीतल्या बाम्बर्गमध्ये मात्र दोन ब्रुअरींनी जुनी भट्टी विझू दिली नाही. त्यातल्या श्लेंकेर्लात मी जेवायला गेलो होतो. तिची नोंद १४०५ ची, म्हणजे आपल्याकडे बहमनी राज्य होतं तेव्हाची. लाकडी पिंपातून ओतलेली काळपट बिअर, आणि पहिल्याच घोटाला चुलीपाशी बसल्याचा वास. सोबत मांसाचं सारण भरलेला अख्खा कांदा.

मला विचाराल तर ही चव म्युझियममध्ये टिकली नसती. कृती लिहून ठेवता येते, पण वास कसा लिहिणार? त्यासाठी बीचची लाकडं पेटवणारा माणूस लागतो, आणि ती बिअर पिणारं गिऱ्हाईकही.

दुसरी ब्रुअरी श्पेट्सियाल, १५३६ ची. तिथला धूर जरा सौम्य. पहिल्यांदाच जाणार असाल तर तिथूनच सुरुवात करा.