'केन' कुठून आलं?

आमगावात दात काढण्याआधी हिरडीत टोचतात ते बधिर करणारं औषध लिग्नोकेन. तशाच औषधासाठी कझाक भाषेने रशियनमार्गे घेतला तो शब्द नोवोकाइन. दोन्हींच्या शेवटचा तुकडा एकच, आणि माझ्या मते तो भलत्याच जागी तोडलेला आहे. मूळ शब्द 'कोका', अँडीज पर्वतातल्या लोकांचा. त्याला 'ईन' लागून कोकेन झालं. १८८४ मध्ये डॉक्टर कार्ल कोलर यांनी त्याने डोळा बधिर करून दाखवला. नोवोकाइन हे रसायनशास्त्रज्ञ आइनहॉर्न यांचं १९०४ चं औषध; त्याच्या नावात 'नोवो', म्हणजे नवं, जोडताना 'को' गळाला आणि अशाच नावांतून उरलेलं 'केन' प्रत्यय होऊन बसलं. लिग्नोकेनमध्ये कोका नसतो, तेव्हा हे नाव चूकच, असं कुणी म्हणेल. पण 'तेल' तिळावरून आलं. रॉकेलमध्ये तीळ नसूनही आपण त्याला बिनदिक्कत तेल म्हणतो. 'बधिर' तर संस्कृतात बहिरा. मराठीने तो कानातून हिरडीत आणला.