शनिवारची रात्र आणि सॉफ्टवेअरची जोडणी

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आता आमच्या धामणगाव बढे गावातल्या म्हाताऱ्यांनाही कळते. सातबारा असो, पीकविमा असो की जातीचा दाखला, कधी ना कधी ते कानावर पडते आणि रांगेतल्या माणसाचा रोज बुडतो. दर वेळी यंत्र बिघडलेले असतेच असे नाही. कधी आदल्या रात्री कुणीतरी नवा प्रोग्राम चढवलेला असतो. हे ‘चढवणे’ माणसाच्या हातून यंत्राकडे कसे गेले, ते या लेखात पाहायचे आहे.

मोठे सॉफ्टवेअर अनेक हात मिळून लिहितात. प्रत्येकाचा तुकडा वेगळा. ते एकत्र करून यंत्राला चालेल असे रूप द्यायचे, म्हणजे बिल्ड. मग तपासायचे, म्हणजे टेस्टिंग. आणि शेवटी लोकांच्या वापरात आणायचे, म्हणजे डिप्लॉयमेंट. पूर्वी ही जोडणी महिनोन्‌महिने लांबवली जाई. स्वतंत्रपणे चोख चालणारे तुकडे एकत्र आले की भांडत. हे भांडण सोडवायला लिहिण्याइतकाच वेळ लागे.

यांत्रिक मदतीची पहिली ठळक नोंद अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतली. एका सहकाऱ्याने चूक दुरुस्त केली होती, पण दुरुस्त फाइलचे नवे बिल्ड करायचे राहिले, आणि बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात त्याची सकाळ वाया गेली. त्यावरून स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ लिहिला. कोणती फाइल बदलली ते पाहून तेवढाच भाग नव्याने बांधणारा हा प्रोग्राम आजही वापरात आहे.

‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ हा शब्द ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये वापरला. त्याला दिवसातून अनेकदा करायच्या कामाचा अर्थ आला तो केंट बेक यांच्यामुळे. क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर ते १९९६ मध्ये आले. तिथली पद्धत साधी होती. जोडणीसाठी एक संगणक वेगळा ठेवलेला. आपले काम घेऊन तिथे जायचे, जोडायचे, सगळ्या चाचण्या चालवायच्या. त्या पार पडल्याशिवाय उठायचे नाही. हा इतिहास सांगणारे बहुधा जेन्किन्स या प्रोग्रामपासून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. आधी शिस्त आली, तिची राखण करणारे यंत्र मागाहून आले.

ते यंत्र म्हणजे २००१ चा क्रूझकंट्रोल. तो थॉटवर्क्स या कंपनीतल्या मंडळींनी केला. तिचे कार्यालय पुढे पुण्यातही झाले. नंतर सन कंपनीत कोहसुके कावागुची यांनी हडसन लिहिला. आपल्या बदलाने सर्वांचे बिल्ड मोडते आणि बोलणी खावी लागतात, याला ते कंटाळले होते. सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यावर नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये हडसनचा जेन्किन्स झाला. (दोन्ही नावे साहेबाच्या घरच्या बटलरला शोभणारी. जेन्किन्सच्या चिन्हात तर बटलरच आहे.) दरम्यान २०१० मध्ये जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांच्या पुस्तकाने बिल्डपासून डिप्लॉयमेंटपर्यंतची सलग पाइपलाइन मांडली.

हाताने चढवण्याची किंमत किती असू शकते, ते १ ऑगस्ट २०१२ रोजी दिसले. नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचे आठ सर्व्हर होते. नवा प्रोग्राम सातांवर चढला, आठव्यावर राहिला. दुसऱ्या कुणी तपासलेही नाही. बाजार उघडताच आठव्या सर्व्हरवरचा जुना, निरुपयोगी भाग जागा झाला आणि भरमसाट सौदे करू लागला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. बाजार उघडण्याआधी यंत्रानेच ९७ ई-मेल पाठवले होते, असे अमेरिकेच्या रोखे नियामकाने पुढच्या वर्षी नोंदवले. ते ई-मेल धोक्याची सूचना म्हणून कुणी वाचले नाहीत.

आपल्याकडे पुण्यात १९८१ मध्ये टाटांचे संशोधन केंद्र आणि १९८८ मध्ये सी-डॅक आले, पुढे हिंजवडी वसली. मोताळा-मलकापूर भागातून तिथे गेलेल्या काहींशी मी बोललो. एकजण २००८ च्या सुमाराची हकिगत सांगतो. शनिवारी रात्री दहाला बसायचे, एक्सेलमध्ये साठ-सत्तर पायऱ्यांची यादी, एकाने वाचायची, दुसऱ्याने करायची. “तीन वर्षं शनिवारी घरी जेवलो नाही,” तो म्हणाला. आता तेच काम पाइपलाइन दुपारी करते.

दुसऱ्याची गोष्ट वेगळी. इंग्रजी बेताचे, पदवी साधी. टेस्टिंगचा क्लास करून तो हाताने तपासण्याच्या कामावर लागला. त्याच्यासारख्या खेड्यातल्या मुलांसाठी ते दार उघडे होते. चाचण्या यंत्र चालवू लागले तशी ती जागा गेली. या इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत वाचलेल्या तासांचा हिशेब भरपूर येतो; या मुलाला त्यात मी कुठे बसवू?

साधनांचीही अडचण आहे. गिटसारख्या नोंदवहीत कुणी कधी काय बदलले ते टिकते. पण कोणत्या रात्री काय मोडले, हे सांगणारे पाइपलाइनचे लॉग जागा वाचवण्यासाठी ठरावीक दिवसांनी पुसले जातात. जेन्किन्समध्ये तशी सोयच आहे. त्यामुळे कागदाला महत्त्व येते. शनिवारच्या त्या यादीची एक छापील प्रत मलकापूरच्या घरी कपाटात असल्याचे तो पहिला गृहस्थ सांगतो. दिवाळीला तो येणार आहे, तेव्हा ती पाहायला मिळेल.