रंगरुटाला घरचे पत्र

मंडळी, इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आठवतात, सनावळ्या आठवतात. आज मी सांगणार आहे ते एका साध्या कागदाविषयी. पलटणीत नव्याने भरती झालेल्या रंगरुटाला त्याच्या कारभारणीने पाठविलेल्या पत्राविषयी. हे पत्र तिच्या स्वतःच्या हातून लिहिले जायला किती काळ लागला, ते पाहण्याजोगे आहे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला पलटण काही परकी नाही. रणगाडा दलाचे शिक्षणकेंद्र १९४८ पासून नगरलाच आहे. इटलीत सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी पराक्रम करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नामदेव जाधव याच जिल्ह्यातील निमजचे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे किसन बाबुराव हजारे, ज्यांना पुढे सारा देश अण्णा म्हणून ओळखू लागला, तेही लष्करात ट्रकचालक होते. १९६५ च्या युद्धात ते खेमकरण आघाडीवर होते, आणि १९७५ साली गावी परतले. पारनेरकडे पाऊस बेभरवशाचा. शेतावर भागेना, तेव्हा तरुणाने मुंबई तरी गाठावी, नाहीतर पलटण तरी.

रंगरुटाचे पहिले महिने कठीण. पहाटेचा बिगुल, कवायत, उस्तादाची दरडावणी, आणि रजेचे नाव काढायचे नाही. घरची खबर मिळण्याचा मार्ग एकच, टपाल. १ जुलै १८७९ पासून आपल्या देशात पाव आण्याचे कार्ड मिळू लागले, ते गरिबालाही परवडले. पण कार्ड पडले उघडे! पोस्टमनने वाचावे, बराकीत शेजारच्याने वाचावे. त्यातून कारभारणीला अक्षरओळख नाही. मग पत्र लिहिणार कोण? अर्थात शाळेचे मास्तर.

पुष्कळ घरांतून पत्र निघे ते सासऱ्याच्या नावाने. 'पत्रास कारण की', 'इकडील सर्व क्षेम', मग बैल, पाऊस, मनिऑर्डर पोचल्याची पावती. शेवटी 'घरची मंडळी खुशाल आहे' एवढ्यात ती बिचारी बसायची. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, वडीलधाऱ्यांपुढे बोलायचे नाही. मग मनातले मास्तरांना सांगणार तरी कसे? उत्तर येई तेही सासऱ्याच्याच नावे. ते वाचले जात असताना दाराआडून ऐकावे, आणि आपल्यासाठी त्यात एखादा शब्द सापडतो का ते पाहावे, एवढेच तिच्या हाती.

पहिल्या महायुद्धात १९१४ साली हिंदी फौज फ्रान्सला गेली. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या न्यूव्ह शापेलच्या रणात लढल्या. फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे तपासायला सरकारने खास अधिकारी नेमले. त्यांनी निवडक पत्रांचे इंग्रजी उतारे करून ठेवले. ते लंडनला ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहेत, आणि त्यांत मराठी पत्रांचेही उतारे आहेत. नवल पाहा! घरी पोचलेले कागद चुलीत गेले, वाळवीने खाल्ले. परक्याने परक्या भाषेत उतरविलेले तेवढे उरले. त्यांतही बहुतेक पत्रे पुरुषांचीच. घरधनिणीचा आवाज तेथे फार क्वचित ऐकू येतो.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी घडल्या. २ ऑक्टोबर १९५० रोजी निळे अंतर्देशीय पत्र निघाले. ते घडी घालून चिकटवता येई. थोड्या पैशांत झाकलेला कागद मिळाला. पण झाकलेल्या कागदालाही लिहिणारा हात हवाच ना? १९५१ च्या शिरगणतीत देशात शंभर बायकांमागे साक्षर जेमतेम नऊ. पुढे १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि ती राज्यभर पसरली. थोर मंडळीही पाटी घेऊन बसली. साक्षरतेचे फायदे सांगताना आपण खते-बियाणे सांगतो, सावकाराचा अंगठा सांगतो, ते खरेच. पण मास्तरांना न विचारता नवऱ्याला चार ओळी लिहिता येणे हाही लाभ लहान नव्हे. सरहद्दीवरच्या जवानाच्या पत्त्यावर तर गावाचे नावही नसते. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि '५६ ए. पी. ओ.' बस्स. एवढे नीट लिहिले की पत्र बरोबर पोचते. ज्या बाईने असा पत्ता स्वतःच्या अक्षरात लिहिला, तिच्या घरात साक्षरता खऱ्या अर्थाने आली, असे मी म्हणेन.

आता खिशात फोन आला. आवाज लगेच पोचतो. पण तो मागे उरत नाही. म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. आपल्या गावात माजी सैनिकांची घरे आहेत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकांत जुनी पत्रे अजून असतील. मुलांना घेऊन जा. आजीबाईंना आधी विचारा; त्या नको म्हणाल्या तर त्या नकाराचा मान राखा. हो म्हणाल्या तर साल आणि पलटण त्यांच्याकडून टिपून घ्या, आणि पत्र कोणाच्या हाताने लिहिले तेही विचारा. ते अक्षर आजीचे स्वतःचे निघाले, तर ती ओळ मुलांना फळ्यावर लिहून दाखवा. आपल्या गावाच्या इतिहासातला तो फार मोलाचा कागद आहे.