कापसाच्या तंतूतील ओलावा आणि यवतमाळ जिल्हा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पूर्वीच्या वणी जिल्ह्यास १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळाले. या जिल्ह्यात कापूस पिकला, सरकी निघाली, रुईच्या गाठी बांधल्या गेल्या; सूत मात्र प्रामुख्याने इतरत्र काढले गेले. मुंबईची दमट हवा सूतकताईस अनुकूल असल्याने तेथे गिरण्या वाढल्या, असे भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतून शिकविले जाते. वऱ्हाडच्या बाबतीत हे कारण कितपत पुरेसे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तंतूची रचना :
कापसाचा तंतू म्हणजे मुख्यत्वे सेल्युलोज हा नैसर्गिक पॉलिमर होय. लहान रेणू परस्परांना जोडले जाऊन दीर्घ साखळ्या बनतात, ही कल्पना हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली. सेल्युलोजच्या साखळ्या काही भागांत शिस्तबद्ध, म्हणजे स्फटिकरूप असतात, तर काही भागांत विस्कळीत असतात. पाणी स्फटिकरूप भागात शिरत नाही. ते विस्कळीत भागात शिरते. तेथील साखळ्यांना हालचालीस वाव मिळतो, अंतर्गत ताण शिथिल होतो आणि भार अनेक साखळ्यांवर विभागला जातो. म्हणूनच ओला कापूस कोरड्यापेक्षा अधिक बळकट ठरतो. कोरड्या हवेत तंतू ताठर होतो व कातताना सूत वारंवार तुटते. हवामानाच्या युक्तिवादास असा शास्त्रीय आधार निश्चितच आहे.

इतिहासाची साक्ष :
तथापि इतिहास वेगळे सांगतो. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तेथे सुरू झाली. हवेत ओलावा राखणारी यंत्रे बसवून या गिरणीने कोरडेपणावर उपाय शोधला. हिंगणघाट, पुलगाव व बडनेरा येथेही गिरण्या उभ्या राहिल्या. या गावांचे हवामान यवतमाळहून फारसे भिन्न नाही. मात्र ती मुंबई-नागपूर लोहमार्गाच्या जाळ्यात होती. यवतमाळला विसाव्या शतकाच्या प्रारंभी मिळाली ती किलिक निक्सन कंपनीची मूर्तिजापूरकडे जाणारी अरुंद लोहवाट, म्हणजेच 'शकुंतला'. कापूस बाहेर नेणे हेच तिचे प्रमुख प्रयोजन होते. मुंबईमार्गे तो मँचेस्टरपर्यंत जाई. कापसाची शास्त्रीय तपासणी करणारी प्रयोगशाळाही १९२४ मध्ये मुंबईत माटुंगा येथे स्थापन झाली. कच्चा माल येथे आणि भांडवल, यंत्रे व ज्ञान अन्यत्र, अशी ही विभागणी होती.

निष्कर्ष :
तंतूचा गुणधर्म ही अडचण होती, परंतु ती दूर करण्याजोगी होती. यवतमाळच्या वाट्यास आलेली केवळ कच्च्या मालाच्या पुरवठादाराची भूमिका निसर्गाने नव्हे, तर वसाहतकालीन व्यापारी धोरणाने व भांडवलाच्या निवडीने ठरविली. ओलाव्याचा प्रश्न आजही संपलेला नाही. हमीभाव खरेदीत कापसातील ओलावा ८ टक्क्यांहून अधिक असल्यास दरात कपात होते व १२ टक्क्यांपुढे कापूस नाकारला जातो. वजनाच्या दृष्टीने हा नियम समजण्याजोगा आहे. परंतु जो ओलावा गिरणीत मुद्दाम पुरविला जातो, तोच बाजार समितीत शेतकऱ्याचे नुकसान ठरतो. सूतनिर्मिती जिल्ह्यातच झाल्याशिवाय तंतूच्या या गुणाचा लाभ उत्पादकास मिळणार नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.