शिबिरे ते डायनामिन : पुटिका-विलगीकरणाच्या शोधाचा इतिहास

पेशी बाहेरील द्रव्य आत घेते तेव्हा पेशीपटलास खळगा पडतो, खळग्याची मान निमुळती होत जाते आणि अखेर ती तुटून पुटिका आत सुटते. मान तोडण्याचे हे कार्य डायनामिन या प्रथिनाचे, असे पाठ्यपुस्तके एका वाक्यात सांगतात. त्या वाक्यामागे दोन दशकांचा इतिहास आहे आणि त्यातील बराच काळ दोन ज्ञानशाखा एकाच रेणूचा शोध परस्परांना नकळत घेत होत्या, ही बाब मात्र अध्यापनात हरवते.

पहिली शाखा आनुवंशविज्ञानाची. १९७३ मध्ये ग्रिग्लियाटी, डेव्हिड सुझुकी व सहकाऱ्यांनी कॅनडातील व्हँकूव्हर येथे फळमाशीतील एक उत्परिवर्तन नोंदविले. २९ अंश सेल्सिअस तापमानास या माश्या लुळ्या पडत. २२ अंशांवर आणताच पूर्ववत हालचाल करीत. बधिरता, लुळेपणा या अर्थाच्या जपानी शब्दावरून त्यास ‘शिबिरे’ हे नाव मिळाले. (मराठी वाचकास या नावात छावण्या दिसतात, तो केवळ ध्वनिसाम्याचा योगायोग होय.) तापमानाने लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या चेतासंस्थेतील दोषांवर १९७६ मध्ये सीमूर बेंझर यांच्यासह शोधनिबंध लिहिणारे ओबैद सिद्दिकी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होते, याचा उल्लेख आपल्याकडेही क्वचितच होतो.

१९७९ मध्ये पूड्री व एडगर यांना लुळ्या माशीच्या चेता-स्नायू संधीतील पुटिका जवळजवळ संपलेल्या दिसल्या. १९८३ मध्ये कोसाका व इकेडा यांनी त्यापुढचे दृश्य टिपले : खळगे तयार झालेले, परंतु मानेपाशी अडकलेले, आणि मानेभोवती गडद कडे. म्हणजे पुटिका रिकाम्या होत होत्या; नव्या सुटत नव्हत्या. कोणते प्रथिन निकामी झाले, हे मात्र अज्ञात होते.

दुसरी शाखा जीवरसायनशास्त्राची. १९८९ मध्ये श्पेट्नर व व्हॅली यांनी वासराच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळे केले. ते सूक्ष्मनलिकांना चिकटत असल्याने त्यांना परस्परांवर सरकविणारे यंत्र मानले गेले आणि डायनामिन हे नाव पडले. पेशीपटलाचा विचारही तेथे नव्हता. १९९१ मध्ये व्हॅन डर ब्लीक व मायरोविट्झ यांनी, तसेच स्वतंत्रपणे चेन व सहकाऱ्यांनी, शिबिरे जनुकाचा क्रम वाचला, तेव्हा तो डायनामिनशी जुळला. माशीच्या लुळेपणाने प्रथिनाचे खरे कार्य उघड केले. केवळ परीक्षानळीतील बंधन पाहून ते कळले नसते.

१९९५ मध्ये हिनशॉ व श्मिड यांनी शुद्ध डायनामिन स्वतःहून कडी व सर्पिले रचते, हे दाखविले. त्याच वर्षी ताकेई, डी कॅमिली व सहकाऱ्यांनी जीटीपीचे विघटन रोखले असता मानेभोवती तशीच वेटोळी साचतात, असे सिद्ध केले. कोसाका व इकेडा यांच्या गडद कड्यास बारा वर्षांनी ओळख मिळाली.

वेटोळे मान आवळून तोडते की पिळून, की केवळ इतर प्रथिनांना इशारा देते, हा वाद त्यानंतरही चालला. २००८ मध्ये पुकाडिल व श्मिड यांनी कृत्रिम पटलावर जीटीपीच्या उपस्थितीत एकट्या डायनामिनकडून पुटिका सुटताना दाखविल्या. थॉमस पुकाडिल यांनी पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत पटल-विच्छेदनाचेच संशोधन पुढे नेले.