वंशवृक्षाच्या रेषा आणि ज्ञानेश्वरीची संहिता

इतिहासलेखनात आकृतीला बहुधा परिशिष्टाचे स्थान मिळते. गद्यात निष्कर्ष मांडून झाल्यावर वाचकाच्या सोयीसाठी ती जोडली जाते. पाठचिकित्सेत हा क्रम उलटा आहे. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या संपादनाखाली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती 1933 मध्ये पूर्ण केली. तिच्या प्रस्तावनेतील वंशवृक्ष सजावटीसाठी नाही. उत्तरेची आणि दक्षिणेची अशा दोन परंपरा, आणि त्यांतून फुटलेल्या शारदा, नेपाळी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम या शाखा. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या शाखांत एकच पाठ आढळला, तर तो मुळाकडचा मानायचा, हा निर्णय या रेषांवरच उभा असतो. रेषा चुकली की संहिताही चुकते.

वृक्षाच्या प्रारूपात एक गृहीतक दडलेले आहे: फांद्या फुटतात, पुन्हा जुळत नाहीत. लेखनिक असे वागत नसत. एका पोथीवरून नक्कल करताना दुसरीतील पाठ समासात टिपला जाई आणि पुढचा लेखनिक तो निःशंकपणे ओवीत घेई. या पाठसंकराची जाणीव सुखटणकरांना होती. म्हणूनच त्यांनी वंशवृक्षाला यंत्रासारखे चालवले नाही.

मराठीत हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो तो ज्ञानेश्वरीच्या संदर्भात. ग्रंथाची रचना शके 1212 मधली, म्हणजे इ. स. 1290 ची; एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले ते शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये. पाठांतरांमुळे ग्रंथ बिघडला होता, असे एकनाथांच्या समारोपाच्या ओव्या सांगतात. दुरुस्ती कोणकोणत्या पोथ्यांवरून केली, हे मात्र सांगत नाहीत. त्यामुळे ज्या पोथ्या एकनाथी शुद्धीकरणातून उतरल्या, त्या संख्येने कितीही असल्या तरी वृक्षावर त्यांची साक्ष एकच धरावी लागते. त्यांच्या एकमताने फार तर 1584 ची संहिता सिद्ध होईल, 1290 ची नव्हे. शंभर पोथ्यांचे बहुमत मोजणाऱ्या अभ्यासकाला हे कटू वाटते, पण त्याला इलाज नाही.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी बीडच्या पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून 1909 मध्ये ज्ञानेश्वरी छापली, तिचे महत्त्व इथे आहे. राजवाड्यांनी ती एकनाथपूर्व मानली. त्यांचा भर भाषेच्या जुनेपणावर होता. परंतु जुनी रूपे उत्तरकालीन लेखनिकही जपतो, क्वचित घडवतोही. वृक्ष वेगळा पुरावा मागतो: एकनाथी पोथ्यांत आढळणारे, स्वतंत्रपणे उद्भवणे अशक्य असे प्रमाद या पोथीत आहेत की नाहीत? नसतील, तर नेवाशाहून निघणारी दुसरी रेषा काढता येते. असतील, तर ही पोथी 1584 च्या खाली येते, किंवा तो प्रमाद एकनाथांच्याही आधीचा ठरतो. या दोहोंतून निवड करणारी खूण आकृतीत नसते. ती प्रत्येक ओवीपाशी शोधावी लागते.

आणि एकनाथांचे स्थान? अनेक पोथ्यांतून पाठ घेणारा शोधक म्हणजे वर जाणाऱ्या अनेक रेषांचा संगम. शुद्ध वृक्षात असा बिंदू काढताच येत नाही. तिथे तुटक रेषा वापराव्या लागतात, आणि पैठणच्या त्या बिंदूला मिळणाऱ्या तुटक रेषांपैकी एकीचेही वरचे टोक आजवर पोथीचे नाव देऊन बांधता आलेले नाही.